फलाट सांगितला का?

माझी मुलगी स्टेशनवर घोषणा करते. लोक म्हणतात तिचा आवाज गोड आहे. मला विचाराल तर तो स्पष्ट आहे, आणि घोषणेला तेवढंच लागतं. गोड बोलायला पुढारी आहेत की.

मी स्वतः सांधेवाला होतो. रुळांना जिथे फाटा फुटतो तिथला सांधा बदलून गाडी हव्या त्या मार्गाला लावायची, हे माझं काम. जन्मभर केबिनमध्ये लिव्हर ओढल्यामुळे माझा उजवा खांदा डाव्याहून खाली आलाय, आणि रेल्वेला कुणी नावं ठेवली की माझं डोकं सटकतं. बायको गेल्यापासून घरात मुलगी आणि मी, दोघंच. तिला ही नोकरी लागली तेव्हा तिची तयारी मीच करून घेतली. ती ओट्यापाशी भाजी चिरत असायची, मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचो आणि म्हणायचो, चल, सकाळची एक्सप्रेस उशिरा आहे, सांग बघू. ती सुरी खाली ठेवून, पदर-बिदर नसताना तो सावरल्यासारखं करून घोषणा म्हणायची. चुकली की मी परत म्हणायला लावायचो. भाजी करपायची, पण घोषणा सुधारली.

"उशीर हवा तितक्या वेळा सांग," मी तिला बजावलं होतं. "पण फलाट कधी सांगायचा? गाडी येणार हे पक्कं झालं की मगच. फलाट सांगितला म्हणजे शब्द दिला. त्यावर लोक सामान उचलतात, म्हाताऱ्यांना जिना चढवतात, पोरं काखेला मारतात. गाडी नसताना फलाट सांगणारं माणूस माझ्या घरात नको."

हे मी काही पदरचं सांगत नव्हतो. आमच्या रक्तातच ते होतं. आमचे वडील फाटकवाले. आई मी रांगत असतानाच गेली आणि मला वाढवलं माझ्या थोरल्या बहिणीनं. ताईच्या कडेवर बसून मी पहिल्यांदा गाडी पाहिली. लग्न होऊन ती दूर मोठ्या शहरात गेली, पण गाडीशी तिचं नातं काही सुटलं नाही. मी तिच्याकडे जायला निघालो की फोनवर तिचा प्रश्न ठरलेला असायचा: "फलाट सांगितला का?" सांगितला म्हटलं की ती पातेलं चुलीवर चढवायची. नाही म्हटलं तर म्हणायची, "मग मी पडते जरा. सांगितला की कळव." तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, ह्या प्रकाराचं फार हसू यायचं. मामा-आईचं गुप्त खातं, असं तो म्हणायचा.

त्या आठवड्यात हसणं संपलं. ताई दवाखान्यात होती. पोटातला आजार हाडांपर्यंत गेला होता, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, या. आई ओळखतेय तोवर या. दुखणं फार वाढलंय. झोपेचं इंजेक्शन देतो म्हणतात, पण एकदा दिलं की ती पुन्हा धड जागी होईल असं वाटत नाही. ती तुमच्यासाठी थांबलीय."

मी लगेच पिशवी भरली. मला दुसरं काही नको होतं. तिनं डोळे उघडे असताना मला बघावं आणि "आलास का रे छोट्या" म्हणावं, एवढंच. ह्या वयात मला छोट्या म्हणणारं जगात दुसरं कोण उरलं होतं?

आणि नेमका तेव्हाच देशभरातल्या रेल्वेच्या संपाचा घोळ सुरू झाला.

संप मध्यरात्रीपासून होणार होता. म्हणजे होणार की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. युनियनचा पुढारी रोज टीव्हीवर मूठ आवळून सांगायचा, एक चाकही फिरणार नाही. रेल्वेमंत्री रोज हात जोडून सांगायचा, एकही गाडी रद्द होणार नाही. निवडणुका तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे दोघांच्याही अंगात आलं होतं. मागण्या खऱ्या होत्या, हे मी सांगतो. चालकांना झोप मिळत नाही, सांधेवाल्यांच्या जागा भरत नाहीत, एक माणूस दोघांचं काम ओढतो. पण झोप न मिळालेला चालक त्या टीव्हीवर मला एकदाही दिसला नाही. दिसायचे ते हे दोघे, इस्त्रीतले.

मी हिशेब केला. संप येत्या मध्यरात्रीपासून, माझी गाडी त्याच्या आधीची, सकाळची. दुपार कलायच्या आत मी ताईच्या उशाशी असणार. आमच्या वेळी संप झाला होता तेव्हा ठरल्या घटकेपर्यंत गाड्या धावल्या होत्या आणि घटका भरली तिथे उभ्या राहिल्या होत्या, पार रानात. त्या अनुभवावर मी निर्धास्त होतो.

मुलगी घरी असती तर तिला विचारलं असतं. पण आदल्या दिवसापासून ती स्टेशनवरच अडकली होती. संपाच्या धास्तीनं कर्मचाऱ्यांना घरी सोडत नव्हते. बातम्या बाहेर फुटू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन स्टेशनमास्तरनं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवले होते. हे मला चहावाल्यानं सांगितलं, आणि त्यानंच तिला माझा डबा नेऊन दिला.

स्टेशनवर गेलो तर ही गर्दी. बाकं भरलेली, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, बायका बॅगांवर बसलेल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. मला कुणीतरी माझ्या जुन्या खाकी कोटावरून ओळखलं आणि मग मी तिथला मुखत्यारच झालो. आजोबा, येणार का हो गाडी? मी खांदा ताणून म्हणायचो, येणार. संप रात्री आहे, आत्ता सकाळ आहे.

तेवढ्यात कर्णा खरखरला आणि माझ्या मुलीचा आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळची एक्सप्रेस उशिरानं धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बस्स. एवढंच. फलाट नाही.

माझ्या कपाळाला आठी पडली. एक्सप्रेस कायम दोनवर लागते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. बाजूला एक मुलगी उभी होती, नवे बूट घातलेली, छातीशी फाइल धरलेली. तिची शहरात दुपारी नोकरीची मुलाखत होती. ती म्हणाली, "आजोबा, उशीर म्हणजे किती?"

"उशीर म्हणजे येणार," मी म्हणालो. "रद्द असती तर रद्द म्हणाले असते. रेल्वे उशीर करते, खोटं बोलत नाही."

असं मी म्हणालो. चार माणसांत, मोठ्यानं.

पुन्हा घोषणा झाली, पुन्हा फलाट नाही. मला वाटलं, पोरगी दमलीय. रात्रभर जागी, त्यात आत्याची काळजी. लहानपणी सुट्टीत ती आत्याकडेच असायची, तिचाही जीव तिच्यात गुंतलेला. पण काम म्हणजे काम. तिसऱ्यांदाही तिनं फलाट गाळला तेव्हा मात्र मला राहवेना. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, आणि असं अर्धवट बोलणं? लोक नावं मला ठेवणार.

मी उठून तिच्या खोलीपाशी गेलो. काचेची खिडकी, खाली बोलायला भोक. आत ती माइकपुढे बसली होती आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून स्टेशनमास्तर उभा होता. मी काचेवर टकटक केली.

"अगं, फलाट सांग ना! माणसं उभी कुठे राहणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "नाही सांगता येत, बाबा."

"सांगता येत नाही? दोन म्हणायला जीभ झिजते का तुझी?"

मागे दोघं-तिघं हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ती काचेच्या जवळ वाकली. "बाबा, इथे थांबू नका. ऐका माझं. तुम्ही बाहेर—"

"मॅडम," स्टेशनमास्तर म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या लग्नात मी जेवलोय. पण त्या दिवशी तो माझ्याकडे बघत नव्हता. "मॅडम, घोषणेची वेळ झाली."

"बाबा, मी फलाट सांगितलेला नाही," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा करून, जसं मी तिला शिकवलं होतं तसं.

"तेच तर म्हणतोय मी! सांग!" असं ओरडून मी परत आलो.

चिडून बाकावर बसलो तोच भाच्याचा फोन. "मामा, निघालात का?"

"गाडी उशिरा आहे रे. येईलच."

"आईला फार त्रास होतोय. डॉक्टर इंजेक्शन घेऊन उभे आहेत, पण ती घेईना. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

फोनवर आधी नुसता श्वास आला. मग ताईचा आवाज, इतका बारीक की मी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"छोट्या. कुठपर्यंत आली?"

"आलीच, ताई."

"फलाट सांगितला का?"

मी कर्ण्याकडे पाहिलं. कर्णा गप्प होता. दोनवरचे रूळ उन्हात रिकामे पडले होते. मला मुलीचा असा राग आला म्हणून सांगू! एवढासा शब्द, तो तिनं उच्चारला असता तर मला विचार करायची वेळच आली नसती. आणि गाडी येणार तर होतीच. दोनवरच येणार होती.

"सांगितला," मी म्हणालो. "दोन."

"बरं," ताई म्हणाली. "मग मी जागी राहते."

थोड्या वेळानं फाइलवाली मुलगी धावत आली. स्टेशनबाहेर एक जीपवाला शहरात निघाला होता. बसस्टँडवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. बस थांबण्याआधीच खिडकीतून रुमाल पडत होते. ही जीप तेवढी होती.

"आजोबा, चला. माझ्याशेजारी एक जागा आहे, मी धरून ठेवलीय. दोघं दाटीनं बसू."

"गाडी येतेय, बाळ. तू जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊ नकोस."

"मला नाही वाटत ती येईल."

"तुला वाटून काय उपयोग? घोषणा ऐकलीस ना?"

ती क्षणभर घुटमळली. बाहेर जीपवाला हॉर्न बडवत होता. मग ती नवे बूट वाजवत पळाली, आणि मी तिच्या पाठीकडे बघत शेजारच्याला म्हणालो, आजकालच्या पोरांना धीर म्हणून नाही. जीपचा तो रस्ता ताईच्या दवाखान्यावरूनच जातो.

दुपार झाली. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर लोक तुटून पडले. मंत्री आणि पुढारी एका सोफ्यावर बसले होते. संप मागे! पुढाऱ्याच्या गळ्यात हार, तो म्हणाला, कामगारांचा ऐतिहासिक विजय. चालकांच्या झोपेसाठी समिती नेमली होती. मंत्री म्हणाला, आम्ही जनतेला शब्द दिला होता, आमच्या नोंदी बघा, संपाच्या धमकीनं देशात एकही गाडी रद्द झालेली नाही. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा मारली.

प्रतीक्षागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चहावाल्यानं विचारलं, "काका, आता येईल ना?" मी म्हटलं, आता कोण अडवतंय!

टाळ्या थांबल्यावर कर्णा बोलला. सकाळची एक्सप्रेस उशिरानं धावत आहे. ह्या वेळी तिचा आवाज शेवटी चिरकला. फलाट नव्हताच.

मी दोनच्या कडेला जाऊन उभा राहिलो, पिशवी हातात घेऊन. मग खाली उतरून रुळांना हात लावला. गाडी येणार असली की लांबूनच त्यांत थरथर येते. ताईनंच मला ते दाखवलं होतं, फाटकाशी, माझा पंजा स्वतःच्या हातात धरून. रूळ तापले होते, पण गप्प होते. गाडी नाहीच की काय, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. पण परत जाऊन काचेवर टकटक करायचा धीर झाला नाही. काय ऐकावं लागेल ह्याची भीती वाटली, हे सरळच सांगतो.

ऊन उतरलं तेव्हा भाच्याचा फोन आला. तो रडत नव्हता. रडून झालं होतं बहुतेक.

"मामा, कुठे आहात?"

"इथेच. दोनवर."

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि मी ते ऐकलं. फोन झाल्यावर ताईनं त्याला केस विंचरायला लावले. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून घेतली, म्हणजे दार दिसेल. डॉक्टर दोनदा इंजेक्शन घेऊन आले, तिनं दोन्ही वेळा नको म्हणून हात हलवला. दात आवळून ओठातून रक्त आलं तरी घेतलं नाही. म्हणाली, माझा भाऊ येतोय, फलाट सांगितलाय. भाचा तिला म्हणाला, आई, घे गं, मामा आले की उठवतो तुला. तर त्याच्यावर डोळे वटारले. दुपारभर ती दाराकडे बघत होती. शेवटपर्यंत शुद्धीत होती, मामा, तो म्हणाला. फार हाल झाले. तिचे डोळे मीच मिटवले, म्हणाला.

"तुमची गाडी मधे कुठे अडकली का?" त्यानं विचारलं.

मी फोन बंद केला.

मुलगी सुटून बाहेर आली तेव्हा फलाट बराच रिकामा झाला होता. तिच्या हातात तिचा फोन होता, नुकताच परत मिळालेला, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की भाच्याचा निरोप तिनं वाचलाय. ती माझ्याशेजारी बाकावर बसली. मग सांगितलं. ती गाडी सकाळी सुटलीच नव्हती. आज मध्यरात्री संप सुरू झाला तर गाड्या वाटेत अडकतील म्हणून काल रात्रीच त्या पलीकडच्या यार्डात नेऊन उभ्या केल्या होत्या, चालक घरी गेले होते. संप मिटला तरी उद्यापर्यंत काही हलणार नव्हतं. पण रद्द हा शब्द तोंडातून काढायचा नाही असा वरून हुकूम होता. सगळ्या गाड्या फक्त उशिरा. काल रात्री दुसऱ्या स्टेशनवरच्या एकीनं रद्द म्हटलं, तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

"मला नोकरीची भीती वाटली, बाबा," ती म्हणाली. "घरात कमावतं दुसरं कोण आहे? म्हणून मी तेवढंच केलं. मी फलाट सांगितला नाही. एकदाही नाही."

"नाही सांगितलास," मी म्हणालो.

"स्टेशनमास्तर ओरडले, दोन म्हणा, लोक शांत होतील. मी म्हटलं, ते नाही म्हणणार. मला वाटलं, बाकी कुणाला नाही तरी तुम्हाला कळेल. तुम्हीच तर शिकवलं होतं. मग तुम्ही खिडकीशी आलात आणि..." तिनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला, तो खाली आलेल्या खांद्याचा. "तुम्हाला कसं नाही कळलं, बाबा?"

मी समोर बघत होतो. माझ्या पिशवीत ताईसाठी घेतलेली लोकरीची टोपी होती. दवाखान्यात तिला गार वाटायचं.

"तू नाही सांगितलास," मी म्हणालो. "मी सांगितला. ताईला."

तिला आधी काही समजलं नाही. "काय सांगितलं?"

"दोन," मी म्हणालो.